मधलं कोरं

माझी जीभ तिखट आहे हे आमच्या बेटावर कोणाला सांगावं लागत नाही. मोगरीखाली साल पसरते तशी माझ्या तोंडापुढे माणसं पसरतात, असं माझी भावजय तोरिका म्हणते. ती खोटं बोलत नाही, फक्त जास्त बोलते. पण ही जीभ चालते कुठे? कापड कुटायच्या पडवीत, चुलीपाशी, पावसाच्या पाण्याच्या टाकीवर. चार पुरुष मांडी घालून यांगोना या मुळीच्या पेयाचं भांडं मध्ये ठेवून बसले की तिथे बाईची जीभ दातांच्या आतच राहते. तिथे कुळाच्या वतीने बोलायला एक तोंड नेमलेलं असतं. आमच्या कुळाचं तोंड म्हणजे माझा धाकटा भाऊ विलिकेसा.

आणि विलिकेसाशी मी बोलत नाही. भांडण नाही काही. आमच्यात बहीणभाऊ वयात आले की त्यांनी एकमेकांशी बोलायचं नसतं, एका चटईवर बसायचं नसतं, त्यालाच मान म्हणतात. याच पोराला मी कडेवर घेऊन सगळं बेट फिरले होते, याचं नाक माझ्या झग्याला पुसलं होतं. मग एक दिवस आई म्हणाली, उलामिला, आता पुरे. तेव्हापासून त्याला काही सांगायचं तर मी तोरिकाला सांगते. तो दोन हातांवर बसलेला असला तरी म्हणते, तोरिका, तुझ्या नवऱ्याला सांग, पत्र्यावर नारळ पडलाय. तो उठतो, नारळ काढतो. मध्ये तोरिका उगाच मान हलवते, जणू तिनेच काही काम केलं.

आता कापडाचं. आमचं बेट सालीच्या कापडावर ओळखलं जातं. साल सोलायची, भिजवायची, कुटून कुटून पातळ करायची, खळीने तुकड्याला तुकडा जोडायचा आणि मग काजळी आणि गेरूने साच्यातून नक्षी उठवायची. साचे मी दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मांतून कापते. कोणाच्या तरी मोडक्या बरगडीतून माझी फुलं निघतात. लग्न असो, मयत असो, नवा पाद्री येवो की जुना जावो, कापड माझ्याच पडवीतून जातं. आणि ते पाहुण्यांसमोर ठेवताना विलिकेसा दर वेळी म्हणतो, "हे एक लहानसं फडकं आहे. आणायची लाज वाटत होती. पोटात घाला."

रिवाज आहे, ठाऊक आहे मला. देणाऱ्याने आपलं देणं लहानच म्हणायचं. चार जणांनी खांद्यावरून आणलेल्या डुकरालाही पिल्लूच म्हणायचं. पण डुक्कर ज्याने पोसलेलं असतं तोच त्याला पिल्लू म्हणतो. माझ्या कापडाला फडकं म्हणणाऱ्याने जन्मात मोगरी उचललेली नाही. माझे खांदे उतरले, बोटांची पेरं काळी ती काळीच राहिली, आणि मी मागे बायकांत बसून ऐकायचं, फडकं. त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी मुलं लहान होती, वाटलं, असेल रीत. मग मुलं मोठी झाली, सुना आल्या, नातवंडं झाली, फडकं ते फडकंच राहिलं. शेजारची अकानिसी म्हणायची, जाऊ दे गं, बोलायचं म्हणून बोलतो तो. मी म्हणायचे, तुझ्या पोराला दर रविवारी देवळात माकड म्हणत जाते, बोलायचं म्हणून. मग दोन दिवस ती माझ्याशी बोलत नसे.

माझा नवरा साकेआसी याच बेटावरचा, पलीकडच्या कुळातला. तो आणि विलिकेसा एकमेकांचे तवाले, म्हणजे मेहुणे, आणि आमच्यात तवाल्यांनी एकमेकांची टर उडवायचीच असते. न उडवली तर लोकांना वाटतं काही बिनसलंय. त्यामुळे ज्या भावाशी मला एक शब्द बोलता येत नव्हता, तो माझ्याच ओसरीवर बसून माझ्या नवऱ्याला तासन्‌तास शिव्या घालायचा, नवरा त्याला घालायचा, आणि मी आत कसावा सोलत दोघांना ऐकायचे. भाऊ म्हणून माझ्या वाट्याला आला तो तेवढाच, भिंतीपलीकडून.

मग ते वादळाचं वर्ष. शेजारच्या बेटावर लग्न होतं, तिथे डुक्कर पोचवायला साकेआसी होडी घेऊन गेला. आकाश चांगलं होतं. नको जाऊ असं मी म्हटलं नाही, उगाच कशाला खोटं सांगू. वादळ आलं, गेलं, आणि दुसऱ्या दिवशी डुक्कर खडकांवर सापडलं, जिवंत. होडी नाही, माणूस नाही. ते डुक्कर लोकांनी परत आणून माझ्या दारात बांधलं. मी त्याला हात लावला नाही. पुढे कोणीतरी ते नेलं, कोणी खाल्लं मी विचारलं नाही.

आमच्यात माणूस गेला की त्याला सालीच्या कापडावर निजवतात, त्यात गुंडाळतात, मातीवरही कापडच अंथरतात. माझ्या घरात कापडांच्या घड्या छताला टेकलेल्या होत्या आणि निजवायला माणूस नव्हता. देवळात प्रार्थना झाली. विलिकेसा बोलला. समुद्राने उसना दिलेला समुद्राने नेला, असं काहीसं बोलला, आणि पुरुषसुद्धा रडले. मी रडले नाही. मला राग आला होता. समुद्राने कसला उसना दिला होता? जेवायला घालत होते मी.

त्यानंतर मी कापडं करत राहिले, पण एक वेगळं चाललं होतं. पडवीतलं सर्वांत मोठं. कडेला माझ्या आईकडची नक्षी, तिच्या आत साकेआसीच्या कुळाची, त्याच्या आत मी स्वतः कापलेले साचे: लाटा, जाळं, खेकड्याच्या पायांच्या रेघा. काळा रंग इतका दाट की ओल्या अंगाला लागला तर आठवडाभर जात नाही. आणि मध्ये काहीच नाही. कोरी, पांढरी साल, माणूस आडवा मावेल एवढी.

बायकांनी माझं डोकं खाल्लं. मधलं भर, उलामिला, अर्धवट दिसतंय. अकानिसी तर साचा घेऊन गुडघ्यावर बसलीच होती. मी तिला सांगितलं, तिथे एक ठिपका पडला तर तुझ्या कपाळावर तेवढाच पाडीन. कशासाठी कोरं ठेवलंय ते मी कोणाला सांगितलं नाही. ज्याला कळायला हवं होतं तो रोज पडवीवरून जायचा. थांबायचा, बघायचा, जायचा. विचारायला त्याला बायको होती. त्याने एकदाही विचारलं नाही.

यंदा राजधानीत, सुव्याला, बेटाबेटांवरच्या कारागिरांचा मेळा भरायचा होता. आमच्या बेटाला बोलावणं आलं. मी ते मोठं कापड न्यायचं ठरवलं, आणि ते धरायला अकानिसी आणि आणखी काही बायका बरोबर घेतल्या. बोटीचा प्रवास म्हणजे आतडी तोंडात. तोरिका चढल्यापासून उतरेपर्यंत बादलीला मिठी मारून होती. विलिकेसा अर्थातच बरोबर होता, कापड आहे म्हटल्यावर तोंड हवंच.

तिथे हॉलमध्ये सगळं बघणारी एक मुलगी होती, सेरेआना. केस वर बांधलेले, पायात बूट, पण वाकून "तुलोउ", म्हणजे माफ करा, म्हणत माझ्यासमोरून गेली, तेव्हा घरचं वळण आहे हे कळलं. आजीला आम्ही बुबू म्हणतो. ती म्हणाली, "बुबू, इथे ज्याने वस्तू केली त्यानेच उभं राहून ती काय आहे ते सांगायचं. तुम्ही सांगाल ना?"

मी म्हटलं, आमच्याकडे बोलायला माणूस आहे.

"पण बुबू, कापड त्यांनी केलंय का?"

मला तिचा असा राग आला की विचारू नका. एक तर खरं बोलत होती. मी तिला म्हटलं, पोरी, सरदार खाली चटईवर बसलेले असताना बाई उभी राहून त्यांच्या डोक्यावरून बोलत नाही, आणि भावासमोर तर नाहीच, तुझ्या आजीला विचार. पण खरं कारण ते नव्हतं, निदान एवढंच नव्हतं. खरं कारण म्हणजे माइकचा तो दांडा. बेटभर लोकांना फाडून खाणारी मी, आणि त्या काळ्या बोंडासमोर माझी जीभ सुकी पडली. स्वतःचीच चीड आली. भांडायला येतं, शिकवायला येतं, टोमणा मारायला येतं, मग आपण केलेलं हे आपण केलं, एवढं म्हणायला काय होतं? पण नाही. तोंडाला सवयच नव्हती.

म्हणून ठरल्याप्रमाणे विलिकेसा पुढे गेला. बायकांनी चारी बाजूंनी धरून कापड आत आणलं. हॉलमधली कुजबूज थांबली, हे मी ऐकलं. एका टोकाला अकानिसी होती. विलिकेसा सरदारांसमोर बसला, टाळ्या वाजवल्या, बोलायला लागला. आवाज चांगला आहे त्याचा. आमच्या आईचा आवाज आहे तो, पुरुषाच्या गळ्यात. बेटाचं नाव घेतलं, कुळांची नावं घेतली, वारा आणि वाट सांगितली. मग म्हणाला, "हे एक लहानसं फडकं आहे. आणायची लाज वाटत होती." तिथपर्यंत मी खाली बघत बसले होते. रोजचंच. पण तो पुढे म्हणाला, "मध्ये रिकामं राहिलंय, ते पोटात घाला. करणारी बाई म्हातारी आहे. काजळी पुरली नाही."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, मायेनेच हसले, बिचारी म्हातारी असे. त्या मायेनेच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी उठले. गुडघा वाजला. वाकून, तुलोउ म्हणत, सरदारांच्या बाजूने त्या दांड्यापाशी गेले आणि सरळ उभी राहिले. मागे बायकांतून कोणीतरी "अगं" म्हणालं. तोंड उघडलं तर नुसता वारा बाहेर आला, आणि तो वारा त्या बोंडाने सगळ्या हॉलभर फुंकला. पुन्हा उघडलं. पुन्हा वारा. सेरेआना कोपऱ्यात हात जोडून उभी, विलिकेसाची पाठ माझ्यासमोर, ताठ. आता बसावं लागणार असं वाटलं. तेवढ्यात मला दिसलं की अकानिसी माझ्याकडे बघता बघता कापडाचं टोक जमिनीला लावून उभी आहे.

"अकानिसी, टोक वर धर. तुझ्या घरची गोणी आहे का ती?"

हॉलभर ते घुमलं. अकानिसीने झटक्यात टोक वर घेतलं, लोक खदखदले, आणि माझी जीभ सुटली. शिव्या देताना ती कधी अडलेली नाही.

"आता ऐका," मी म्हटलं. "काजळी पुरली नाही असं सांगितलं गेलं. काजळी माझ्या घरी डबे भरून आहे. हे फडकं आहे असं सांगितलं गेलं. मी आजवर एकही फडकं केलेलं नाही. हे कापड मी केलं, उलामिलाने, आणि आणायची मला लाज वाटलेली नाही. मधली जागा राहिलेली नाही, ठेवलेली आहे. माझा नवरा साकेआसी समुद्रात गेला तो परत मिळाला नाही. ही त्याला निजवायची जागा आहे. मी स्वतः आडवी होऊन ती मोजली. इथे नक्षी हवी असेल त्याने आधी मला माणूस आणून द्यावा."

तिथे थांबायला हवं होतं. थांबले नाही.

"आणि ज्याला हे अर्धवट वाटलं त्याने विचारायचं होतं. स्वतः विचारता येत नसेल तर घरचं माणूस पाठवून विचारायचं होतं. रस्त्यावरून बघून ठरवायचं नव्हतं."

मी त्याच्याकडे बघितलं नाही, बघायचं नसतं. पण गुडघ्यावर ठेवलेला त्याचा हात दिसला. मूठ मिटलेली होती.

मग दुसऱ्या कुठल्याशा बेटावरच्या एका बाईने ओंजळ करून टाळी वाजवली, आमच्याकडे मान द्यायचा तो खोल आवाज. मग आणखी बायकांनी वाजवली. सेरेआना डोळे पुसत होती. नंतर लोक येऊन म्हणाले, बुबू, केवढा धीर केला तुम्ही. धीर कसला? संताप होता तो. धीर असता तर तोंड आधीच उघडलं असतं.

परतीच्या बोटीत मी पुढे नाळेवर बसले, विलिकेसा सुकाणूकडे. तोरिका आमच्यामध्ये, बादलीसकट. आमच्यात नणंद-भावजया एकमेकींना दौवे म्हणतात. लाटा थोड्या कमी झाल्या तशी ती माझ्याकडे सरकली आणि म्हणाली, "दौवे, त्याने जेवण सोडलंय."

"आधी कधी माझ्या हातचं खायचा तो? उपाशी राहू दे."

"तू त्याला चारचौघांत खाली बघायला लावलंस."

"आणि त्याने मला? इतकी वर्षं?"

"ती रीत आहे गं."

"काजळी पुरली नाही, ही पण रीत?"

यावर तिला बादली लागली.

गावात आमच्या आधी बातमी पोचली होती. कुळातले थोरले बसले, आणि निरोप आला की उलामिला भावासमोर, भावावर, लोकांत बोलली, तिने व्हेलचा दात नेऊन माफी मागावी. हा आमचा सर्वांत मोठा दंड, तांबुआ पुढे ठेवला की माणूस वाकलं. मी म्हटलं, मागते. उगाच आढेवेढे घेतले नाहीत. रीत मोडली ती मोडलीच. दुसरी कोणी मोडती तर तिला दात घेऊन पाठवणाऱ्यांत मीच पहिली असते, आणि पाठवलंय मी बायकांना.

पण मग थोरल्यांना कळलं की गाठ त्यांनीच मारली आहे. तांबुआ स्वतः बोलून ठेवत नाहीत, कुळाच्या तोंडाने ठेवायचा असतो. आणि कुळाचं तोंड विलिकेसा. त्याने माझ्या वतीने स्वतःचीच माफी मागायची का? एक संध्याकाळ ते यावर खल करत बसले. पलीकडच्या कुळाचं तोंड उसनं मागायला माणूस पाठवला, तर त्या कुळाच्या तोंडाला अचानक खोकला झाला. त्याला माझी भीती वाटते, वाटावीच. शेवटी मी निरोप पाठवला: माझं तोंड मोकळं आहे, आणि आता त्याला थोडी सवयही झाली आहे.

विलिकेसाच्या घरी, भर दुपारी, थोरले भिंतीला टेकून बसले होते. तो वरच्या बाजूला. मी दारापाशी, जिथे माफी मागणारा बसतो तिथे. तांबुआ दोन्ही हातांत धरला. आमच्या आईकडून आलेला, हाताळून हाताळून पिवळा झालेला. तोरिका मध्ये, यावेळी बादलीशिवाय, आणि तिच्या तोंडाला कुलूप.

मी म्हटलं, "मी भावासमोर बोलले. मान मोडला. त्यासाठी हा दात. पण काय बोलले, त्यासाठी माझ्याकडे दात नाही."

थोरल्यांत चुळबूळ झाली. पेनिआसी सर्वांत म्हातारा, तो घसा खाकरून काही म्हणणार होता, पण विलिकेसा पुढे सरकला होता. त्याने दात घेतला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली नाहीत, लागू द्यायची नसतात. माफ केल्याची वाक्यं म्हणायला लागला, त्याच आवाजात, वारा आणि वाट आणि पूर्वज. मध्येच थांबला.

मग चटईकडे बघत तो बायकोला म्हणाला, "तोरिका, तुझ्या नणंदेला सांग, ती जागा आखूड झालीय. साकेआसीचे पाय बाहेर राहतील."

म्हणजे त्याने जाऊन बघितलं होतं. बोटीवरून आल्यावर कधीतरी, पडवीत कोणी नसताना, कापड उलगडून बघितलं होतं. कदाचित त्या कोऱ्या जागेत आडवाही झाला असेल. मला ते नको होतं. मला रागावून राहायचं होतं, मी त्याची तयारी करून आले होते. मोजमाप माझं, माणूस माझा, आणि हा मला शिकवणार?

"तोरिका," मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला सांग, माझा माणूस पाय पोटाशी घेऊन झोपायचा. त्याच्या शेजारी कोण झोपत होतं, तो का मी?"

भावाच्या कानावर बहिणीने नवऱ्याच्या झोपेचं बोलणं, हे आमच्यात इतकं मोठं पाप आहे की त्याला रीतसुद्धा ठरलेली नसेल. तोरिकाने तोंडावर हात ठेवला. विलिकेसाचे खांदे हलत होते. हसत होता की काय, मला माहीत नाही, मी बघितलं नाही.

पेनिआसीने डोळे मिटले. मग हळूच म्हणाला, या वाक्यासाठी आणखी एक दात लागेल.

मी म्हटलं, घरात आहे.